सोवळ्यातली केळी

आमच्या सरांना ‘नक्की’ हा शब्द वर्ज्य होता. डोक्यावर पंखा गरगर फिरत असताना कुणी विचारलं, ‘सर, वीज आली का?’ तर मान वर करून म्हणायचे, ‘आलेली दिसते.’ ठाण्याच्या कॉलेजात ते आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि जर्नलमध्ये कुणी ‘सिद्ध झाले’ असं लिहिलं की तांबड्या शाईनं ते खोडून वर ‘असे दिसते’ करायचे. आम्ही पोरी पाठीमागे त्यांना ‘दिसतंय सर’ म्हणत असू. त्यांना ते माहीत असावं. म्हणजे, असं दिसतं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या, ‘मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे ना? तर हे म्हणाले, तसं दिसतंय. वडिलांना रात्रभर झोप नाही.’ हे सांगताना काकू हसायच्या, पण तेव्हा हसल्या असतील असं मला वाटत नाही.

असा हा माणूस धंद्यात पडला. ज्याला धंदा करायचा त्याला बाकी काही आलं नाही तरी ‘नक्की’ म्हणता आलं पाहिजे, आणि नेमकं तेवढंच सरांना येत नव्हतं.

तेव्हा स्टार्टअप वगैरे शब्द नव्हते. प्रोफेसरानं कायमची नोकरी सोडली की त्याला एकच शब्द होता, वेड लागलंय. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सर बरीच वर्षं कॉलेजच्या एका कोपऱ्यात केळीच्या मुनव्याचा, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लाचा, गाभा सोलून त्याचे बारीक तुकडे बाटलीत वाढवायचे. एका तुकड्याचे अनेक कोंब, एका कोंबाचे आणखी अनेक, सगळे एकाच आईचे, सगळे निरोगी. एक दिवस त्यांनी राजीनामा दिला. प्रिन्सिपॉल म्हणाले, ‘अहो, रजा घ्या, राजीनामा कशाला?’ सर म्हणाले, ‘रजा घेतली तर परत यावंसं वाटेल.’

आणि मला म्हणाले, ‘येतेस का?’

मी गेले. कळव्याला आमच्या घरात त्यावरून महाभारत झालं. बँकेच्या परीक्षा सोडून पोरगी केळी लावायला चालली, आणि ती पण बाटलीत! माझे वडील कुणी पाहुणे आले की हे वाक्य मुद्दाम माझ्यासमोर म्हणायचे.

जागा मिळाली बाळकुमला. एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना. मासळीसाठी पूर्वी तिथे बर्फ व्हायचा, त्यामुळे भिंती हातभर जाड, आत बारा महिने गारवा. सर त्या भिंतींवर थापा मारत फिरले, लहान मुलासारखे खूश झाले. गावातले लोक शेवटपर्यंत त्या जागेला बर्फखानाच म्हणाले. सर चिडायचे नाहीत.

आतल्या खोलीचं बारसं सरांनीच केलं. त्या खोलीत दोन लॅमिनार होते. लॅमिनार म्हणजे मोठं उघडं कपाट, पाठीमागून फिल्टरमधून गाळलेली हवा अंगावर येत राहते, आणि त्या हवेत बसून चिमट्यानं, सुरीनं कोंब वेगळे करायचे. हवेतला एखादा जंतू जरी बाटलीत गेला, तरी खाली घातलेलं गोड खाद्य खाऊन तोच मातणार, कोंब मरणार. म्हणून आत जाताना पाय धुवायचे, बाहेरचे कपडे बदलायचे, डोक्याला पांढरं फडकं बांधायचं, हात स्पिरिटनं पुसायचे, बोलायचं नाही. सरांनी खोलीला नाव दिलं ‘सोवळं’. बाटलीत जंतू शिरला की ते म्हणायचे, ‘विटाळ झाला.’

‘माझी आई जन्मभर सोवळं पाळत आली,’ ते मला म्हणाले होते, ‘आणि मी जन्मभर तिच्याशी भांडलो. आता बघ, मीच पाळतोय. फरक एवढाच, की तिच्या सोवळ्यात माणसं बाहेर राहायची, माझ्या सोवळ्यात जंतू.’

हे वाक्य त्यांना फार आवडायचं. मलाही आवडलं होतं. पुढे काय होणार ते कुणाला ठाऊक होतं!

सर देव मानत नव्हते. ‘पुरावा दिसत नाही,’ एवढंच म्हणायचे. गंमत अशी की सगळं बाळकुम त्यांना परम भाविक समजायचं. कारण एक तर शहाळी. केळीच्या खाद्यात सर शहाळ्याचं पाणी घालायचे, त्यामुळे माजिवड्याच्या नाक्यावर गाडीवाल्याकडून ते जवळजवळ रोज शहाळी घ्यायचे. तो विचारायचा, ‘सर, आज कुठल्या देवाला?’ सर गंभीरपणे म्हणायचे, ‘केळीला.’ तो मनोभावे हात जोडायचा. दुसरं कारण त्यांची बोटं. कंदाचे पातळ काप करून ते सॅफ्रनिन नावाच्या लाल रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली बघायची त्यांची जुनी खोड होती, त्यामुळे एक ना एक बोट कायम लाल. लोकांना वाटायचं, माणूस रोज पूजा करूनच बाहेर पडतो.

सोवळ्यात बसायला गावातल्याच तीन-चार बायका होत्या. त्यांतल्या मंजुळाताई बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या. नवरा खाडीत जायचा, या सकाळी मासळी निवडून, विकून, आंघोळ करून आमच्याकडे यायच्या. हाताला भारी हलक्या. बाकीच्यांच्या हातून कोंब मोडायचे, त्यांच्या हातून क्वचित. बोलायला मात्र फटकळ. सर त्यांना ‘मंजुळाबाई’ म्हणायचे आणि थोडे टरकून असायचे.

आणि धंद्याची बाजू बघायला होते सरांचे मेहुणे. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कंपनीत विक्रीचं काम करून ते बाहेर पडले होते, आणि बहिणीच्या आग्रहाखातर इथे आले होते. सर जेवढे ‘दिसतंय’वाले, तेवढे हे ‘हंड्रेड पर्सेंट’वाले. डोंबिवलीहून स्कूटरवर यायचे, हेल्मेट काढता काढताच त्यांचं पहिलं हंड्रेड पर्सेंट व्हायचं. माणूस वाईट नव्हता. पण शंका हा प्रकार देवानं त्याच्या अंगी घातलाच नव्हता.

पहिली मोठी मागणी आणली ती त्यांनीच. वसईकडचे एक बागायतदार, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांच्या वाडीत आणि भाऊबंदांच्या वाड्यांत संक्रांतीनंतर केळीची लागवड होती. तात्या स्वतः बर्फखान्यात आले. बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ आतले हिरवे कोंब बघत राहिले.

‘मास्तर, ही केळीच ना?’

‘केळीच दिसतात,’ सर म्हणाले.

मेहुण्यांनी कपाळाला हात लावला.

‘दिसतात काय, अवो! माझी अख्खी वाडी रिकामी ठेवायची मी तुमच्यावर. आणि उद्या गवत निघाला तर?’

‘तात्या, हंड्रेड पर्सेंट बसराई केळी!’ मेहुणे मध्ये पडले. ‘गॅरंटी माझी.’

तात्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे. ‘ह्यांचं बोलणं मला पटत नाय, आणि तुमचं कळत नाय,’ म्हणाले. ‘पण घेतो ती तुमच्या तोंडाकडे बघून घेतो.’

ती रोपं वेळेवर गेली आणि जगली, तर पुढच्या वर्षी आजूबाजूच्या वाड्या दारात येणार होत्या. नाही गेली, तर बर्फखान्याला पुन्हा कुलूप. आणि सरांना परत जायला कॉलेज उरलं नव्हतं, त्यांच्या जागेवर नवा माणूस आलासुद्धा होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे तात्या येऊन गेले त्या दिवसापासून सोवळ्यात चिमटा खाली पडला तरी सगळे माना वळवून बघायचे.

त्यात आली खंडेनवमी. बाळकुम-कोलशेतच्या बाजूला तेव्हा कारखाने बरेच, आणि त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात यंत्रं धुऊन पुसून, हार घालून, नारळ फोडून पूजा. मंजुळाताई नवी साडी नेसून झेंडूची भली मोठी माळ घेऊन आल्या. सर सोवळ्याच्या दारात उभे राहिले.

‘मंजुळाबाई, हे आत नाही.’

‘सर, वरसाचा दिस हाय. मिशनीला फुल नको?’

‘फुलावर बुरशी असते. आत गेली तर सगळ्या बाटल्या जातील.’

‘देवाचे फुलान बुरशी?’ त्यांचा विश्वासच बसेना. ‘आमी होडीला घालतो, इंजिनाला घालतो. तुमचेच मिशनीला चालत नाय?’

सर हलले नाहीत. मंजुळाताईंनी माळ बाहेरच्या लोखंडी गेटला बांधली आणि उन्हात तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पाय धुऊन कामाला बसल्या. नेहमी मी कुलूप उघडायची, त्या दिवशी सर माझ्या आधी येऊन बसले होते. त्यांचं करंगळीशेजारचं बोट लाल होतं. मनात म्हटलं, सणाच्या दिवशीसुद्धा सॅफ्रनिन सुटत नाही या माणसाला!

दसरा झाला, आणि आठवड्याच्या आत ते सुरू झालं.

मी सकाळी रॅकवरच्या बाटल्या बघत होते. एकीच्या तळाशी खाद्य दुधाळ दिसलं. शेजारच्या बाटलीत कापसासारखं पांढरं. त्याच्या पलीकडे काळे ठिपके. मी सरांना हाक मारली. सर आले, बाटली उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली. दुसरी उचलली. असं करत सगळा रॅक बघितला.

मग रोजचाच तो कार्यक्रम झाला. आलं की आधी वाया गेलेल्या बाटल्या बाजूला काढायच्या. काल स्वच्छ असलेली आज गेलेली असायची. सरांचं जेवण सुटलं. काकू डबा पाठवायच्या, तो तसाच परत जायचा. दिसेल त्याला ते हात धुवायला लावायचे, आणि स्वतः इतके धुवायचे की बोटांची सालं निघायला लागली. खाद्य तपासलं, बाटल्या निर्जंतुक करायचा कुकर तपासला, पाणी बदललं. विटाळ थांबेना.

आणि मग एका दुपारी मेहुणे ते बोलले.

‘भावोजी, स्पष्ट सांगू का? या बायका सकाळी मासळी हाताळून येतात. हात कितीही धुवा, तो वास जातो का? तसंच हे. एकीकडे सोवळं म्हणायचं आणि आत कोळणी बसवायच्या. आणि ती मंजुळा, तिची फुलं तुम्ही बाहेर ठेवलीत तो राग वेगळाच. काहीतरी केलंय तिनं. हंड्रेड पर्सेंट.’

दार उघडं होतं. पलीकडे मंजुळाताई बाटल्या विसळत होत्या. पाण्याचा आवाज थांबला.

माझी अपेक्षा होती, सर आता काडकन बोलतील. गप्प बसा म्हणतील. आईशी जन्मभर याच गोष्टीवरून भांडलेला माणूस! सर म्हणाले, ‘पुरावा?’

‘पुरावा कशाला हवा? दिसतंय ना.’

‘मग बोटं बघू,’ सर म्हणाले. ‘सगळ्यांची.’

मला त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला. त्यांच्या दृष्टीनं ती तपासणी होती, सगळ्यांना सारखी. पण सोवळं या शब्दात आधीपासून कोण बाहेर उभं असतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी तो शब्द गमतीनं आणला होता, आणि तो आपला जुना अर्थ घेऊन घरात शिरला होता.

जंतू उगवून बघायच्या काचेच्या चपट्या डब्या असतात, बायका त्यांना बशी म्हणायच्या. प्रत्येकाच्या नावाची एकेक बशी मांडली. स्पिरिटनं हात पुसायचे आणि पाची बोटं त्यातल्या थरावर हलकेच टेकवायची. मी टेकवली, सरांनी टेकवली, मेहुण्यांनी हसत हसत टेकवली. मंजुळाताई शेवटी आल्या. स्पिरिटनं हात पुसून त्यांनी पाची बोटं टेकवली.

‘माजे हातान इटाल हाय का, ह्या बगता ना?’ त्या सरांना म्हणाल्या. ‘बगा.’

सरांनी त्यांच्या बशीवर झाकण ठेवलं.

बशा उबेत ठेवल्या, काही खोलीत ठिकठिकाणी उघड्या ठेवून मग झाकल्या. जंतू दिसायला लागायला वेळ जातो, आणि तो वेळ जाता जात नाही. मेहुण्यांनी मंजुळाताईंना सोवळ्यात जायला मना केलं. सरांनी ‘जा’ म्हटलं नाही, ‘जाऊ नका’ही म्हटलं नाही. त्या बाहेरच्या नळावर बाटल्या धूत बसायच्या. वेळेवर यायच्या, वेळेवर जायच्या.

बशा काढल्या तेव्हा सगळे टेबलाभोवती गोळा झालो. बोटांच्या बशांवर सगळ्यांच्याच थोडेफार ठिपके होते. माझ्या होते, सरांच्या होते. मेहुण्यांच्या बशीवर बाग फुलली होती, ती त्यांनी गुपचूप पालथी घातली. मंजुळाताईंच्या बशीवर एकच पांढरा ठिपका होता.

‘हा बघा!’ मेहुणे म्हणाले. ‘आहे की नाही?’

पण तोवर सरांची नजर खोलीतल्या बशांवर गेली होती. दुसऱ्या लॅमिनारसमोर ठेवलेली बशी काठोकाठ हिरव्या-काळ्या बुरशीनं भरली होती. गाळलेली हवा जिथून येते, तिथूनच बुरशी येत होती.

सरांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. ते लॅमिनारच्या मागे गुडघ्यांवर बसले, मी टॉर्च धरला. एकेक स्क्रू निघत होता आणि सरांचा श्वास मला ऐकू येत होता. पत्रा बाजूला केला. फिल्टरच्या चौकटीचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं, बोट जाईल एवढी फट. आणि त्या फटीच्या खालीच वाळलेलं विड्याचं पान, त्यावर झेंडूच्या पाकळ्या, हळद लावलेले तांदूळ. सगळ्यावर बुरशीची लव. पत्र्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं.

मेहुण्यांनी मंजुळाताईंना हाक मारली. ‘या, आत या. बघा, तुमची फुलं सापडली.’

मंजुळाताईंनी वाकून बघितलं. ‘ही माजी नाय,’ म्हणाल्या. ‘माजी माल गेटावर व्हती. सगल्यांनी बगली.’

‘मग ही काय आकाशातून पडली? उद्यापासून यायची गरज नाही.’

मंजुळाताईंनी वाद घातला नाही. डोक्याचं पांढरं फडकं सोडलं, झटकलं आणि घडी घालायला लागल्या. एक घडी, दुसरी घडी, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

सर अजून मशीनच्या मागे गुडघ्यांवरच होते. मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

‘मी ठेवलं,’ ते म्हणाले.

‘काय?’ मेहुणे म्हणाले.

‘हे मी ठेवलं. खंडेनवमीला सकाळी. तुम्ही कुणी यायच्या आधी.’

‘ठेवलेलं दिसतं’ नव्हे. ‘ठेवलं.’ इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं सरळ वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायची ही वेळ होती. मंजुळाताईंनी सरांकडे पाहिलं, घडी केलेलं फडकं टेबलावर ठेवलं, आणि निघून गेल्या.

सर नंतर माझ्याशी बोलले. मी विचारलं नव्हतं. ‘सगळं करून झालं होतं,’ म्हणाले. ‘माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि भीती वाटत होती. फार भीती वाटत होती ग. आई खंडेनवमीला विळी-अडकित्ता मांडून पूजा करायची, ते डोळ्यांपुढे आलं. हात आपोआप गेला. फुलं आत ठेवली नव्हती मी, मागचा पत्रा उघडून पाठीमागे ठेवली, मध्ये फिल्टर होता. बाटल्या जायला लागल्या तेव्हाही मनात आलं, पण म्हटलं, मध्ये फिल्टर आहे. फट मला माहीत नव्हती. काही होणार नाही असं मला...’ ते शब्द शोधत राहिले. ‘नक्की वाटलं होतं,’ म्हणाले.

मेहुण्यांना तरीही वाट दिसत होती. ‘भावोजी, अर्ध्याअधिक बाटल्या अजून स्वच्छ दिसतायत. देऊन टाकू तात्यांना. तुम्हीच म्हणता ना, दिसतं ते दिसतं?’ सरांनी ऐकून घेतलं. मग दुसऱ्या लॅमिनारवर झालेली एकूण एक बाटली, स्वच्छ असो नसो, कुकरमध्ये घालायला लावली. शिजलेल्या कोंबांचा वास बर्फखान्यात कितीतरी दिवस होता. मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले.

तात्यांना सांगायला सर स्वतः वसईला गेले. तात्यांनी सगळं ऐकलं. ‘मास्तर, तुम्ही पूजा केलीत म्हणून माझी रोपं गेली? आता हे मी वाडीत कुणाला सांगू?’ म्हणाले. चिडले, खूप बोलले, मग चहा पाजला. पहिल्या लॅमिनारवरची होती तेवढी रोपं घेतली आणि उरलेल्या वाडीत जुन्या पद्धतीनं मुनवे लावले. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंची केळी शेजारी शेजारी उभी राहिली, बाटलीतली उजवी निघाली, आणि ती बघून बाकीचे आले. बर्फखाना वाचला. मोठा कधीच झाला नाही, पण सरांचे हातपाय चालत होते तोवर चालला. आज त्या जागेवर उंच टॉवर आहे, घोडबंदर रोडला जाणाऱ्या गाड्या त्याच्यासमोर तुंबलेल्या असतात. सर वारले तेव्हा मी डोंबिवलीला मेहुण्यांना भेटायला गेले होते, ते दारातच रडले. त्या रडण्यात शंका नव्हती.

सोवळं हा शब्द सरांनी त्या दिवसापासून टाकला. विटाळही टाकला. ‘आतली खोली’ म्हणायचे, ‘खराब झाली’ म्हणायचे. आमच्यापैकी कुणाच्या तोंडून चुकून जुना शब्द गेला तर काही बोलत नसत, नुसते बघायचे.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. मंजुळाताई आल्या नाहीत. कबुली दिली म्हणजे माणूस परत येतो असं थोडंच असतं! सर रोज दाराकडे बघायचे. निरोप धाडले, उत्तर नाही. शेवटी एका सकाळी मला म्हणाले, ‘चल.’

कोळीवाड्यात मंजुळाताई अंगणात जवळा पसरून वाळवत होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत. बसा म्हणाल्या नाहीत. सर उन्हात उभे राहिले, मीही.

‘मंजुळाबाई, माझं चुकलं,’ सर म्हणाले. ‘फुलांचं तर चुकलंच. पण बोटं तपासली, ते जास्त.’

त्या जवळ्यातला कचरा वेचत राहिल्या. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बर्फखान्यात मंजुळाच्या हातानं काहीतरी झालं, हे सगळ्या आळीत पसरलेलं होतं, ते त्यांच्या नजरेवरूनच कळत होतं.

‘मना येक सांगा,’ मंजुळाताई म्हणाल्या. आवाज मुद्दाम मोठा होता. ‘तुमचा ता मेवना बशी दावत व्हता. माजे हातान झाला का नाय झाला? नुसता हो का नाय सांगा. दिसतंय-बिसतंय नको.’

‘नाही,’ सर म्हणाले.

‘नक्की?’

मी सरांना ओळखत होते. ती फट किती दिवसांची होती कुणास ठाऊक, फुलं नसती तरी तिच्यातून काही आलं असतं की नाही हे कुणी तपासलं नव्हतं, आणि त्या बशीवर ठिपका होता. सरांच्या हिशेबानं या प्रश्नाला एकच उत्तर होतं. ते त्यांनी आता दिलं, तर ही बाई आयुष्यात पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकणार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. दारातल्या बायका वाट बघत होत्या. सरांचे ओठ हलले, थांबले.

‘नक्की,’ सर म्हणाले. मग दारातल्या बायकांकडे वळून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, पुन्हा म्हणाले, ‘नक्की.’

मंजुळाताईंनी पदरानं तोंड पुसलं. ‘उन्हान कशाला उबे,’ म्हणाल्या. ‘सावलीला या.’

परत येताना मला राहवलं नाही.

‘सर, त्यांच्या बशीवर एक ठिपका होता.’

‘होता,’ सर म्हणाले. ‘माझ्या बशीवर त्याहून जास्त होते. मला कुणी विचारलं?’